पहिली सायकल रेस: दम आहे हो, पण चाक सुटतं त्याचं काय?

साताऱ्यात दमाच्या माणसांची कमी नाही. हिल मॅरेथॉनमुळे यवतेश्वरचा घाट पळत चढणारे गल्लोगल्ली सापडतील, त्यातल्या बऱ्याच जणांचा गुडघा कुरकुरायला लागला की ते सायकल घेतात, मग कासला जाऊन येतात, एखादी २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, रेस नव्हे) मारतात आणि मग कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रेसचं पोस्टर टाकतं आणि नाव देऊन मोकळे. रेसमध्ये मात्र पहिल्या दहा मिनिटांत मागं पडतात आणि उरलेलं अंतर एकट्यानं वाऱ्याशी भांडत येतात. घरी आल्यावर म्हणतात, "पाय कमी पडले." बहुतेक वेळा पाय कमी पडलेले नसतात, पुढच्याचं चाक सुटलेलं असतं, म्हणजे त्याच्या मागं चिकटून राहता आलेलं नसतं.

पळताना तुमचा पेस तुमचा असतो. बीआरएमला तर २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, मध्ये चहा-वडापाव झाला तरी कार्डावर शिक्का बसतो. रोड रेसमध्ये पेस बंच ठरवतो. बंच म्हणजे एकमेकांना चिकटून चालणारा सगळा घोळका. सपाटीला तुम्ही ताशी ३० किमीच्या वर गेलात की ताकदीचा मोठा वाटा नुसता हवा कापण्यात जातो, आणि ही हवेसाठीची ताकद वेगाच्या घनाच्या हिशोबानं वाढते, म्हणजे ३० चे ३६ केले तर त्या हिश्शाला जवळजवळ पावणेदोन पट जोर लागतो. आता तोच ३६ चा वेग कुणाच्या तरी मागं बसून, म्हणजे त्याच्या चाकामागं अगदी जवळ राहून काढलात तर साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते, मोठ्या बंचच्या आत त्याहून जास्त. म्हणून जो तुमच्यापेक्षा कमी दमाचा आहे पण मागं बसायला शिकलाय तो तुमच्या पुढं येणार, आणि यात काही चीटिंग नाही, खेळच तो आहे.

नाव देण्याआधी काय बघायचं

पोस्टरवर बक्षिसाची रक्कम मोठ्या अक्षरात असते, ती सोडा. रेसचा प्रकार बघा. टाइम ट्रायल असेल तर एकेकाला सोडतात, मागं बसायला बंदी असते. घाटाची रेस असेल तर चढावर वेग कमी, पडण्याची भीती कमी, ज्याचे पाय आणि वजन बरं तो पुढं. मास स्टार्ट म्हणजे सगळे एकदम, खरी रोड रेस हीच. पहिल्यांदा घाटाची करावी असं बरेच जण सांगतात आणि ते सुरक्षित आहे हे खरं, पण माझं मत वेगळंय, त्यात बंचचं काहीच शिकायला मिळत नाही. ४० ते ६० किमीची, बऱ्यापैकी सपाट, नवख्यांचा गट वेगळा असलेली रेस मिळाली तर ती घ्या.

गट नीट वाचा. आपल्याकडं गावोगावच्या स्पर्धांत साधी बिनगिअरची सायकल, एमटीबी आणि रोडबाईक असे वेगळे गट असतात, शिवाय वयाचे आणि महिलांचे. वयाच्या दाखल्याला बहुतेक ठिकाणी आधार कार्ड मागतात. आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचारा: रस्ता पूर्ण बंद असतो की फक्त पुढं पायलट गाडी, अ‍ॅम्ब्युलन्स किती, आणि कट-ऑफ काय, म्हणजे किती वेळात आला नाहीत तर थांबवतात. उत्तर "बघू, होईल सगळं" असं आलं तर पैसे भरू नका.

सायकल

कार्बन फ्रेम नसली तरी चालतं. आधी काढून टाकायच्या गोष्टी: स्टँड, कॅरिअर, आरसा, आणि एरोबार, कारण मास स्टार्टला ते चालत नाहीत आणि चालत असते तरी बंचमध्ये कोपरं टेकवून ब्रेकपासून हात लांब ठेवणं म्हणजे शेजाऱ्यावर अन्याय. हँडलच्या टोकांची बुचं बसवलेली आहेत ना बघा, उघडी नळी पोटात घुसू शकते म्हणून चेकिंगला हे बघतात.

टायरमध्ये ११० पीएसआय ठोकायची जुनी सवय सोडा. ६५-७० किलोच्या माणसाला २५ मिमी टायरला ८० च्या आसपास पुरतं, रस्ता ओला असेल तर अजून थोडं कमी. आपल्याकडचा रस्ता सिमेंटच्या स्टेडियमसारखा गुळगुळीत नाही, जास्त हवा भरली की सायकल उड्या मारते आणि वळणावर पकड जाते. टायर बोटानं चाचपून बघा, बाभळीचा काटा आत मोडून बसलेला असतो आणि तो दोन-चार दिवसांनी ट्यूबपर्यंत पोचतो, म्हणजे नेमका रेसच्या दिवशी. बाटलीचा पिंजरा सैल असेल तर दाबून घट्ट करा. स्पीडब्रेकरवर उडालेली बाटली मागच्या दहा जणांच्या चाकांत जाते, पुढचं सांगायला नको.

नवीन शूज, नवीन सीट, नवीन क्लीट (बुटाच्या तळाला असते ती पायडलमध्ये अडकणारी पट्टी), यातलं काहीही शेवटच्या आठवड्यात बदलायचं नाही.

सरावात नेमकं काय करायचं

यवतेश्वर रोज चढून दम वाढेल पण ते तुम्हाला येतंच. चार-सहा आठवडे हातात असतील तर चाकामागं बसायचा सराव करा, आणि हा एकट्यानं होत नाही, दोन-तीन जण पाहिजेत. पहाटे लवकर, गाड्या कमी असताना, माहुलीच्या पुढं कोरेगावच्या दिशेनं चांगला सलग रस्ता मिळतो. सुरुवातीला पुढच्याच्या मागच्या चाकापासून दीड-दोन मीटर ठेवा, आठवड्याभरात मीटरभर, सरावल्यावर त्याहून कमी.

नजर चाकावर खिळवून ठेवायची नाही. नवख्या माणसाची ही हमखास गोष्ट, तो पुढच्या टायरकडं टक लावून बसतो आणि मग खड्डा, ब्रेक, वळण सगळं उशिरा कळतं. पुढच्याच्या कमरेकडं, खांद्यावरून पलीकडं बघा, चाक नजरेच्या खालच्या कडेला आपोआप दिसत राहतं. ३६ चा वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर, तुमच्यात आणि पुढच्यात मीटरभर अंतर आहे म्हणजे हातात सेकंदाचा दहावा भाग आहे. त्यामुळं ब्रेक दाबून सावरायचा विचार सोडून द्या, पायडल हलके करा, छाती थोडी वर करून अंगावर वारं घ्या, वेग आपोआप एक-दोननं उतरतो. त्यानंही भागलं नाही तरच ब्रेकला बोट नुसतं टेकवायचं. बंचमध्ये करकचून ब्रेक मारणाऱ्याला लोक पुढचे सहा महिने लक्षात ठेवतात.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. तुमचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला येऊ द्यायचं नाही, म्हणजे चाकं एकमेकांत अडकतील अशी एकाआड एक नकोत. समजा तुमचं चाक त्याच्या चाकाच्या उजव्या अंगाला वीतभर पुढं गेलंय. त्याला समोर खड्डा दिसला, तो हातभर उजवीकडं सरकला. त्याचं मागचं चाक तुमच्या पुढच्या चाकाला घासतं, तुमचं हँडल फिरतं, तुम्ही सावरायला उलट बाजूला झुकता आणि तिथंच खाली येता. त्याला फक्त मागून खर्र आवाज ऐकू येतो, तो सरळ निघून जातो. पडतो नेहमी मागचा. चुकून तशी जागा आलीच तर घाबरून झटका देऊ नका, पायडल सोडून हळू मागं या.

दुसरा सराव झटक्यांचा. रेसमध्ये सरासरी वेग फार भयंकर नसतो, पण दर दोन-तीन मिनिटांनी कुणीतरी अटॅक करतो, म्हणजे एकदम वेग वाढवून पुढं सुटतो, आणि सगळे त्याच्यामागं धावतात. एक मिनिट जीव खाऊन, एक मिनिट हलकं, असं आठ वेळा, आठवड्यातनं दोनदा. आणि यू-टर्न: रस्त्यावर जागा बघून पूर्ण वळायचं आणि १० च्या वेगावरून ३५ ला लवकरात लवकर यायचं. हे कंटाळवाणं आहे, कुणी करत नाही, आणि आपल्याकडच्या रेस तिथंच फुटतात.

चालत्या सायकलवर बाटली काढून न बघता परत ठेवता आली पाहिजे. हसू नका, हे न येणारे दोन तास तहानलेले राहतात.

शेवटच्या आठवड्यात किलोमीटर निम्मे करा. भीती वाटते की दम जाईल, जात नाही.

रस्ता आधी बघून घ्या

हे सायकलवरूनच करा, गाडीतून रंबलर कळत नाहीत. कुठं वाळू साचते, कुठल्या गावात कुत्री आहेत, शेवटच्या किलोमीटरला रस्ता चढतोय का उतरतोय, हे टिपून ठेवा. फिनिशच्या आधी ५०० मीटर आणि २०० मीटरवर खूण म्हणून एखादं दुकान, कमान, झाड लक्षात ठेवा.

आपल्या भागात रेस बहुतेक थंडीत असतात आणि तेव्हाच कारखान्यांचे गळीत हंगाम जोरात असतात. ऊसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, बैलगाड्या, आणि शेतातून रस्त्यावर आलेला चिखल. पडलेला अख्खा ऊस चाकाखाली आला तर तो गोल असल्यानं चाक घेऊन सरकतो, तिरपं जाऊ नका, चुकवता आला नाही तर काटकोनातच ओलांडा. आणि रस्ता बंद असं सांगितलं असलं तरी वस्तीवरून कुणीतरी दुधाचे कॅन लावून मोटरसायकलवर येणारच, त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आदला दिवस आणि सकाळ

बिब, म्हणजे नंबराचा कागद, घेतानाच बघा नंबर कुठं लावायचाय, पाठीवर, कुशीला की दोन्ही, आणि वेळ मोजणारी चिप हेल्मेटला की सीटपोस्टला. चार कोपऱ्यांना चार पिना लावल्या की वाऱ्यानं नंबर फुगतो आणि तासभर पाठीवर फडफडतो. सहा-आठ पिना लावा, जर्सी अंगात घालून दुसऱ्या कुणाकडून लावून घ्या, कारण टेबलावर पसरून लावलेला नंबर वाकल्यावर ताणतो. पिन खिशाच्या आरपार गेली तर खाऊ काढता येणार नाही तेही बघा.

आदल्या रात्री साधं वरण-भात, बटाट्याची भाजी. मिसळ, मटण सगळं रेस झाल्यावर. सकाळी स्टार्टच्या दोन-अडीच तास आधी पोहे किंवा उपमा, केळं, जे पोटाला रोजचं आहे ते. रेस दीड तासाच्या वर असेल तर वाटेत तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. एका मध्यम केळ्यात २५ एक ग्रॅम असतं, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर चालतात, फक्त आधीच तुकडे करून ठेवा कारण धापा टाकताना चिक्की चावता येत नाही. भूक लागल्यावर खायचं हा घरचा नियम, रेसमध्ये पहिल्या अर्ध्या तासातच सुरुवात करायची. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, एका बाटलीत ओआरएस, पाकिटावर एक लिटरला लिहिलेलं असेल तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतू नका. आणि सातारकर असलो तरी कंदी पेढा स्टार्ट लाइनवर खायचा नाही.

थंडीत सकाळी बोटं गारठतात, ब्रेक जाणवत नाही. जुनं जॅकेट घालून उभे राहा, सुटायच्या आधी कुणाकडं तरी द्या. वीस मिनिटं वॉर्मअप कराच, रेस जेवढी छोटी तेवढा वॉर्मअप जास्त गरजेचा, कारण पहिल्याच मिनिटाला ठोका १७० ला जातो.

सुटल्यावर

लाइनवर लवकर जा. शेवटच्या रांगेत उभं राहून "मी नवीन आहे, मागं बरा" असा नम्रपणा करू नका, मागं उभं राहणं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात धोक्याचं. बंच भजनातल्या पेटीच्या भात्यासारखा आकसतो आणि पसरतो: पुढचे वळणावर जरासे हळू झाले की मागचे जवळपास थांबतात, आणि पुढचे आधीच निघालेले असतात, मग मागच्यांना प्रत्येक वळणाला स्प्रिंट मारावी लागते. त्यामुळं जागा बंचच्या पुढच्या एक तृतीयांश भागात धरायची, एकदम पहिल्या पाचात नको.

काही ठिकाणी न्यूट्रल स्टार्ट असतो, पायलट गाडीमागं गावाबाहेरपर्यंत हळू जायचं, मग झेंडा. झेंडा पडला की पहिली दहा मिनिटं वेड्यासारखा वेग असतो. सगळे ताजे असतात, सगळ्यांना आपण जिंकणार वाटतं. तुम्हाला वाटेल हे असंच दीड तास चाललं तर मी मेलो. असंच चालत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी ढिलं पडतं, तोपर्यंत फक्त समोरचं एक चाक सोडायचं नाही, बाकी कशाचाही विचार करायचा नाही. चाक निवडताना शांत, सरळ रेषेत जाणारा माणूस बघा, भारी सायकलवाला नव्हे. जो डुलतो, सारखा मागं बघतो, मधेच पायडल थांबवतो, त्याच्यामागून निघा.

आपली रेषा धरून चला. बाजूला जायचं असेल तर आधी खांद्यावरून नजर, मग हळू. ओरडायला लाजू नका: "खड्डा!", "ब्रेकर!", "स्लो!", "उजवीकडनं येतोय!" पुढून आलेला आवाज तुम्हीही मागं द्या. खांद्याला खांदा घासला तर कोपर ढिलं ठेवा, अंग कडक केलं की धक्का हँडलला जातो.

पुढं ओढायची, म्हणजे सगळ्यांच्या पुढं राहून वारं कापायची वेळ आली की वीस-तीस सेकंद, वेग न वाढवता, आणि बाजूला व्हा. नवखा पुढं आला की त्याला काय होतं कोण जाणे, तो पाचनं वेग वाढवतो आणि दोन मिनिटांत संपतो. मोठ्या बंचमध्ये तुम्ही अजिबात पुढं गेला नाहीत तरी कुणी काही म्हणणार नाही. चार-पाच जणांच्या छोट्या गटात मात्र आपला वाटा उचलावा लागतो, नाहीतर शिव्या पडतात आणि त्या बरोबर असतात.

वारं कुठून येतंय ते झेंड्याकडं, झाडांकडं, ऊसाच्या पात्यांकडं बघून ओळखा. समोरून असेल तर सरळ मागं बसायचं, बाजूनं असेल तर आडोसा तिरपा पडतो, म्हणजे वारं डावीकडून असेल तर पुढच्याच्या जरा मागं आणि उजवीकडं. अशावेळी रस्त्याच्या कडेला शेवटी लटकलेल्याला काहीच आडोसा मिळत नाही, तो पहिला सुटतो. मोकळ्या माळावर घर, झाडी संपायच्या आधी पुढं सरका.

यू-टर्न

जाऊन-येऊन मार्ग असेल तर मध्यावर कोन ठेवून वळवतात आणि रेस बऱ्याचदा इथंच तुटते. दोनशे मीटर आधी पुढं या. ब्रेक वळणाच्या आधीच, सरळ असताना, आणि गिअर तिथंच हलका करा, वळल्यावर जड गिअरवर उभं राहिलात तर हललाच नाहीत असं होतं. बाहेरचा पाय खाली, नजर कोनवर नको, जिथं बाहेर पडायचंय त्या रस्त्यावर. वळून झालं की सावरत बसू नका, उभं राहून दहा-पंधरा जोरदार पायडल, चाक पकडेपर्यंत. मागं वळून बघितलं तर पाच-सात जण पन्नास मीटरवर लोंबकळताना दिसतील, त्यातले बरेच परत भेटत नाहीत.

चढ आणि उतार

घाटात वेग १५ वर आला की आडोशाचा फायदा फार उरत नाही, इथं तुमची हिल मॅरेथॉनची कमाई कामाला येते. चढाला बंचच्या पुढच्या भागात लागा, म्हणजे हळूहळू मागं सरकत गेलात तरी माथ्यावर बंचमध्येच असता. पहिल्या वळणापर्यंत मोह आवरा, वाईहून पसरणीचा घाट पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटर आहे, पहिल्या दोनमध्ये जे उडवलं ते शेवटच्या तीनमध्ये मिळत नाही. बसून चढताना उभं राहायचं असेल तर आधी एक गिअर जड करा आणि पायडलवर दाब तुटू देऊ नका, नाहीतर उठताना सायकल क्षणभर मागं येते आणि मागच्याचं चाक तुमच्यावर आदळतं. माथा आल्यावर सुटकेचा निःश्वास टाकणारे फार, पुढचे मात्र तिथंच वेग वाढवतात, म्हणून माथ्याच्या पलीकडं अजून अर्धा मिनिट जोर ठेवा.

उतारावर हात खालच्या हँडलला, ब्रेक वळणाआधी, रिम ब्रेक असेल तर सतत धरून न ठेवता दाब-सोड. आमच्या घाटांत आतल्या कडेला एसटीचं सांडलेलं डिझेल, कठड्यावर माकडं आणि ओव्हरटेक करणाऱ्या टुरिस्ट गाड्या असतात. उतारावर कमावलेले दहा सेकंद कॉलरबोनच्या बदल्यात महाग पडतात, मागं राहिलात तर खाली सपाटीला गट करून भरून काढा.

बंच सुटला तर

पहिल्या रेसमध्ये बहुतेकांचा सुटतो. लगेच जीव काढून एकट्यानं पाठलाग करू नका, अंतर शंभर मीटरच्या आत असेल आणि पुढं ढिलं पडलेलं दिसत असेल तरच एकदा झटका मारा. नाहीतर वेग थोडा कमी करून मागून येणाऱ्या दोन-तीन जणांची वाट बघा, "चला दादा, आळीपाळीनं ओढू" म्हणा, अशा गटात रेसचं निम्मं शिक्षण होतं. पायलट आणि मागची गाडी पुढं निघून गेली की रस्ता तुमच्यासाठी बंद नाही हे लक्षात ठेवा, डाव्या बाजूनं, सगळे नियम पाळून. कट-ऑफला मार्शलनं थांबवलं तर त्याच्याशी भांडू नका, तो सकाळी पाचपासून उभा असतो.

पडलात आणि डोकं आपटलं तर उठून परत सायकलवर बसायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये दाखवा. ते हेल्मेट तडा दिसला नाही तरी बदलायचं.

फिनिश

शेवटचे तीन किलोमीटर सगळे पुढं घुसतात, याच वेळी सगळ्यात जास्त पडापडी होते. पायात काही उरलं नसेल तर कडेनं सरळ रेषेत जा, मध्ये अडथळा बनू नका. उरलं असेल तर स्प्रिंट २०० मीटरच्या खुणेपासून, ५०० पासून सुटणारा वाऱ्यात मरतो आणि मागचे त्याला आडोसा म्हणून वापरतात. स्प्रिंटमध्ये मान खाली घालायची नाही, रेषा बदलायची नाही, हात सोडायचे नाहीत. लाइन ओलांडली की लगेच ब्रेक नको, मागून तीसचाळीस जण ५० च्या वेगानं येत असतात, पन्नास-शंभर मीटर तसंच जाऊन मग कडेला.

सायकलवरून उतरून खुर्चीत कोसळू नका, दहा मिनिटं हलकं पायडल मारा, कोरडा टी-शर्ट घाला, काहीतरी खा. मग चिप परत करा आणि निकालाचा कागद लागला की आपला नंबर, गट आणि वेळ तपासा, चिप न वाचल्यानं किंवा गट चुकून टाकल्यानं नाव गायब होणं नेहमीचं आहे. हरकत बक्षीस समारंभ सुरू व्हायच्या आत, लेखी, बिब नंबरसकट द्यायची, स्टेजवर ट्रॉफ्या वाटून झाल्या की कुणी ऐकत नाही. घड्याळाची राइड फाइल डिलीट करू नका, तीच पुरावा असते.